इंग्लंडच्या खेड्यातलं घराणं कसं शोधायचं: शेतमजुराच्या घरापासून मागे जाताना

माझ्या लग्नाला सासू-सासरे इंग्लंडच्या पूर्वेकडच्या नॉरफोक काउंटीतून (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) नाशिकला आले होते. गोदाकाठी आमच्या क्षेत्रोपाध्यांनी बाड उघडून माझ्या पणजोबांची मोडीतली सही त्यांना दाखवली. सासरे बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिले. "आमच्याबद्दल असं कुणी लिहून ठेवलं असेल का?" एवढंच त्यांनी विचारलं.

पुढे पंचाहत्तरी उलटल्यावर त्यांनी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा माझ्या हातात ठेवला. आत लग्नाचा एक दाखला, गणवेशातल्या तरुणाचा फोटो, आणि फोटोमागे पेन्सिलीने लिहिलेलं नॉरफोकमधल्या ईस्ट डेरेम या गावाजवळच्या एका खेड्याचं नाव. घराणं साध्या शेतमजुरांचं. ना जमीन, ना वाडा, ना चर्चच्या भिंतीवर नावाची पाटी. तरी चार वर्षांत मी अठराव्या शतकापर्यंत पोचले. लिहून ठेवलेलं होतंच, फक्त पंधरा-वीस ठिकाणी विखुरलेलं होतं.

इंग्रज घरात लग्न करून आलेली किंवा मुलांसाठी दोन्हीकडची वंशावळ करणारी मराठी माणसं मला वारंवार विचारतात की सुरुवात कुठून करायची. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. हे सगळं इंग्लंडपुरतं आहे. वेल्सला बहुतेक लागू पडतं, स्कॉटलंडची पद्धत मात्र वेगळी आहे.

आधी हाताशी हे असू द्या

- फ्रीबीएमडी, फ्रीसेन आणि फ्रीरेज ही तीन संकेतस्थळं. स्वयंसेवकांनी उभी केलेली आणि पूर्ण मोफत. पहिलं जन्म-लग्न-मृत्यूच्या सूचीसाठी, दुसरं शिरगणतीसाठी, तिसरं चर्चच्या नोंदवह्यांसाठी.
- फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळाचं मोफत खातं.
- जनरल रजिस्टर ऑफिस, म्हणजे जन्म-लग्न-मृत्यू नोंदवणारं सरकारी कार्यालय, याच्या संकेतस्थळावर खातं. दाखले इथून मागवायचे.
- अ‍ॅन्सेस्ट्री किंवा फाइंडमायपास्ट यांपैकी एकाची वर्गणी, तीही लगेच नको. इंग्लंडमधल्या बऱ्याच सार्वजनिक ग्रंथालयांत ही संकेतस्थळं तिथल्या संगणकावर फुकट बघता येतात. आधी तिथे हात बसू द्या.
- एक वही. तीत काय सापडलं याबरोबरच काय शोधलं आणि सापडलं *नाही* हेही तारखेसह लिहा. मी पहिलं वर्षभर हे केलं नाही आणि त्याच नोंदवह्या दोनदा चाळल्या.
- काउंटीच्या रेकॉर्ड ऑफिसात, म्हणजे जुन्या कागदांच्या दफ्तरखान्यात, जाणार असाल तर फोटो असलेलं ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि पेन्सिल. जुन्या कागदांजवळ पेन नेऊ देत नाहीत.

१. घरातल्या म्हाताऱ्या माणसांपासून सुरू करा

"आपले पूर्वज कोण होते?" असं विचारलं की माणसं गप्प होतात. त्याऐवजी विचारा: सुट्टीत कुणाकडे जायचात? आजीच्या मयताला कोण कोण आलं होतं? आजोबांचे हात कशाने खरबरीत होते? माझ्या सासऱ्यांना आजोबांचं जन्मसाल माहीत नव्हतं, पण ते घोड्यांच्या जोडीने नांगरायचे आणि रविवारी गावच्या चर्चला न जाता चॅपलला, म्हणजे वेगळ्या पंथाच्या प्रार्थनाघरात, जायचे हे पक्कं आठवत होतं. ही चॅपलची गोष्ट मला नंतर फार उपयोगी पडली.

नाती इंग्रजीत लिहू नका, मराठीत लिहा. इंग्रजी 'कझिन' म्हणजे चुलतभाऊ, आतेभाऊ, मामेभाऊ की मावसभाऊ, हे कळत नाही. सासऱ्यांना मी प्रत्येक 'अंकल'मागे "म्हणजे वडिलांचे भाऊ की आईचे?" असं विचारत गेले आणि काका-मामा वेगळे करून तक्ता मांडला. त्यातून दोन जुने घोळ तिथल्या तिथे सुटले.

जुन्या इंग्रजी कागदांत आणखी एक फसवी गोष्ट आहे. एकोणिसाव्या शतकात 'सन-इन-लॉ' हा शब्द जावयासाठी होता तसाच सावत्र मुलासाठीही सर्रास वापरत. शिरगणतीत आठ वर्षांचा 'सन-इन-लॉ' दिसला तर दचकू नका. बाई विधवा होती, तिने दुसरं लग्न केलं आणि हा पहिल्या नवऱ्याचा मुलगा, बहुधा एवढाच त्याचा अर्थ.

घरातल्या दंतकथा लिहून घ्या, पण त्यांवर बांधकाम करू नका. आमच्याकडे "पणजोबा शेतकरी होते" असं सांगत. इंग्रजी कागदांतला 'फार्मर' म्हणजे स्वतःच्या किंवा खंडाच्या जमिनीवर मजूर लावणारा माणूस. सासऱ्यांचे पणजोबा त्याच्याकडे रोजाने जाणारे. शिरगणतीत अशा माणसापुढे 'अ‍ॅग लॅब' असं तोडून लिहिलेलं असतं, म्हणजे अ‍ॅग्रिकल्चरल लेबरर. खेड्यातल्या पानांवर हे दोन शब्द तुम्हाला इतके दिसतील की डोळे मिटले तरी दिसतील.

२. आडनावाच्या आधी पॅरिश पक्की करा

नवखा माणूस आडनाव टाकून शोधतो आणि हजारो नावांत बुडतो. इंग्लंडच्या खेड्यात माणूस सापडतो तो पॅरिशवरून. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला गाव-शिवार. बाप्तिस्मा, लग्न, दफन, गरिबांना मदत, रस्त्यांची डागडुजी, सगळं त्या हद्दीत चालायचं. नॉरफोकमध्ये मध्ययुगीन चर्चच साडेसहाशेच्या आसपास उभी आहेत, म्हणजे दोन-तीन मैलांवर दुसरी पॅरिश. मजुराच्या चाकरीचं वर्ष मायकेलमसला, २९ सप्टेंबरच्या सणाला, बदलायचं. काम बदललं की बिऱ्हाडही शेजारच्या गावात जायचं.

म्हणून आधी नकाशा उघडा. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर इंग्लंडचेसुद्धा जुने, मैलाला सहा इंच मापाचे सर्वेक्षण नकाशे फुकट बघता येतात. तुमच्या गावाभोवती लागून असलेल्या सगळ्या पॅरिशांची नावं वहीत लिहा. माणूस गावात सापडला नाही तर आधी या यादीत बघायचं, लंडनला नाही.

सापळा: १८३७ नंतरच्या सरकारी नोंदी पॅरिशप्रमाणे लावलेल्या नाहीत. त्या नोंदणी-जिल्ह्याप्रमाणे आहेत आणि जिल्ह्याच्या नावावरून गाव ओळखू येत नाही. ईस्ट डेरेम परिसराच्या नोंदी 'मिटफर्ड' या जिल्ह्यात येतात. नॉरफोकच्या नकाशावर मिटफर्ड गाव शोधाल तर मिळणार नाही, कारण ते एका जुन्या महालाचं, म्हणजे तालुक्यासारख्या विभागाचं, नाव आहे. मिटफर्ड नावाचं खरं गाव आहे ते दूर उत्तरेला, नॉर्थम्बरलँडमध्ये. मी एका जन्माची नोंद "ही आपली नव्हे" म्हणून दोन महिने बाजूला ठेवली होती ती ह्याच कारणाने. गाव कुठल्या जिल्ह्यात मोडतं हे जेनुकी किंवा यूकेबीएमडी या संकेतस्थळांवर आधी बघून घ्या.

३. १८३७ पर्यंत दाखल्यांवर मागे या

इंग्लंड-वेल्समध्ये जन्म, लग्न, मृत्यूची सरकारी नोंद १ जुलै १८३७ पासून सुरू झाली. सूची तिमाहीने लावलेल्या आहेत: मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबर. जन्म नोंदवायला सहा आठवड्यांची मुदत असे, त्यामुळे फेब्रुवारीत जन्मलेलं मूल जूनच्या तिमाहीत दिसू शकतं. सुरुवातीची काही दशकं बरीच मुलं नोंदलीच गेली नाहीत. दंडाची भीती घालणारा कायदा १८७५ पासून लागू झाला. मूल सूचीत नसेल तर चर्चच्या वहीत असेल, घाबरू नका.

जन्मदाखल्यावर बापाचं नाव आणि धंदा, आईचं नाव आणि तिचं माहेरचं आडनाव मिळतं. हे माहेरचं आडनाव सोन्यासारखं जपा. छापील सूचीत ते १९११ पासून आहे, पण जनरल रजिस्टर ऑफिसच्या स्वतःच्या ऑनलाइन सूचीत १८३७ पासूनच्या जन्मांना घातलेलं आहे. नवऱ्याचं आडनाव, बायकोचं माहेरचं आडनाव आणि जिल्हा टाकला की एका जोडप्याची सगळी मुलं रांगेने समोर येतात, वर्षाच्या आत गेलेलीसुद्धा. जुन्या दाखल्यांची डिजिटल प्रत मिळत असेल तर तीच मागवा, कागदी प्रमाणपत्र बरंच महाग पडतं.

लग्नाच्या दाखल्यावर वर-वधूच्या वडिलांचं नाव आणि धंदा असतो. आयांचं नाव नसतं. इंग्लंडमधल्या लग्ननोंदीत आईला जागा मिळाली ती ४ मे २०२१ ला. त्यामुळे लग्नाचा दाखला एकट्याने पुरत नाही, आई शोधायला जन्माचा दाखला लागतोच. वयाच्या रकान्यात 'फुल एज' लिहिलं असेल तर त्याचा अर्थ एकवीस पूर्ण, इतकाच. माणूस चाळिशीचाही असू शकतो.

४. शिरगणती: दर दहा वर्षांनी घरात डोकावणं

१८४१ पासून दर दहा वर्षांची शिरगणती नावानिशी उपलब्ध आहे, १९२१ पर्यंत. कागद शंभर वर्षं बंद ठेवतात. १९३१ चे कागद १९४२ मध्ये आगीत गेले आणि १९४१ ला युद्धामुळे शिरगणती झालीच नाही. ती पोकळी २९ सप्टेंबर १९३९ ला केलेल्या नोंदवहीने थोडी भरते. युद्धाच्या सुरुवातीला ओळखपत्रांसाठी घरोघर माहिती घेतली होती, तीत जन्मतारखा आहेत. १८८१ ची नावनिशी फॅमिलीसर्चवर मोफत शोधता येते, नवख्याने तिथूनच हात घालावा.

नेहमी अलीकडून मागे जा: १९२१, १९११, १९०१, असं. एकही पायरी गाळू नका. १८५१ पासून प्रत्येकाचं कुटुंबप्रमुखाशी नातं आणि जन्माची पॅरिश लिहिलेली असते. ही जन्माची पॅरिश म्हणजे पुढची किल्ली. ती प्रत्येक शिरगणतीत बघा, कारण माणूस एकदा नेमकं गाव सांगतो, एकदा जवळचं मोठं गाव. आमच्या एका आजीने तीन शिरगणत्यांत तीन गावं सांगितली. ती तिन्ही गावं एकमेकांना लागून होती.

१८४१ जरा वेगळी आहे. पंधरा वर्षांवरच्या माणसांची वयं बहुतेक ठिकाणी पाचाच्या पटीत खाली उतरवली आहेत. चौतीसचा माणूस तीसचा दिसतो. नाती लिहिलेली नाहीत आणि जन्म "ह्याच काउंटीत का?" एवढंच हो-नाही. एका घरात राहतात म्हणून कुणाला नवरा-बायको किंवा मायलेक धरून चालू नका.

१९११ चा कागद घरच्या माणसाने स्वतःच्या हाताने भरलेला आहे. त्यात लग्नाला किती वर्षं झाली, किती मुलं जन्मली, किती हयात, किती गेली, हे विचारलं होतं. सासऱ्यांच्या पणजीपुढे ११, ७, ४ असे आकडे आहेत. घरात कुणालाच त्या चार मुलांबद्दल माहीत नव्हतं. जन्म-मृत्यूच्या सूचीतून चौघांची नावं काढून मी ती सासऱ्यांना दिली, तेव्हा त्यांनी ती मोठ्याने वाचली.

सापळा: संकेतस्थळावर टंकून दिलेलं नाव हा कुणीतरी लावलेला अंदाज असतो. मूळ पानाचं चित्र उघडल्याशिवाय काहीही मान्य करू नका. शेजारच्या चार घरांकडेही बघा, भाऊ किंवा सासरा दोन दारांवर राहत असतो. आडनावाचं स्पेलिंग ही लिहिणाऱ्याची मर्जी. मजुराला लिहिता येत नव्हतं, कारकुनाने नॉरफोकच्या हेलात जे ऐकलं ते लिहिलं. आडनाव मोठ्याने उच्चारा आणि ते जितक्या तऱ्हांनी लिहिता येईल तितक्यांनी शोधा.

५. चर्चच्या नोंदवह्या: १८३७ च्या मागे

इथून पुढे सरकार संपतं आणि पाद्री सुरू होतो. १५३८ मध्ये आठव्या हेन्री राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने प्रत्येक पॅरिशला बाप्तिस्मा, लग्न, दफन नोंदवायचा हुकूम दिला. सगळ्याच ठिकाणच्या वह्या तेवढ्या जुन्या टिकलेल्या नाहीत, पण पुष्कळ ठिकाणी सोळावं-सतरावं शतक गाठता येतं. नॉरफोकच्या जुन्या वह्या नॉरिचच्या रेकॉर्ड ऑफिसात आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच पानांची चित्रं घरबसल्या दिसतात. वही फाटली किंवा हरवली असेल तर बिशपकडे दरवर्षी पाठवलेल्या नकला बघा. कधीकधी नकलेत मूळ वहीपेक्षा एखादा शब्द जास्त सापडतो.

काही वर्षं डोक्यात पक्की ठेवा. १ जानेवारी १८१३ पासून बाप्तिस्मा आणि दफनाच्या छापील वह्या आल्या. त्यांत बापाचा धंदा, राहण्याचं ठिकाण आणि मृताचं वय मिळतं. त्याआधी बऱ्याचदा "अमक्या-तमकीचा मुलगा" एवढीच ओळ असते. मार्च १७५४ पासून लग्नाची वेगळी वही आली, तीत वर-वधू आणि साक्षीदारांच्या सह्या किंवा अंगठ्याऐवजी काढलेली फुली असते. साक्षीदारांची नावं उतरवून घ्या, त्यांत भाऊ-बहिणी निघतात. लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये पुकारा होत असे, वर-वधू वेगळ्या गावचे असले तर दोन्ही गावांत. त्यामुळे पुकाऱ्याच्या वहीत दुसऱ्याचं गाव मिळतं. १६५३ ते १६६० च्या सुमारास, राजा नसतानाच्या काळात, पुष्कळ वह्यांत खिंडार आहे.

१७५२ च्या आधी इंग्लंडचं वर्ष २५ मार्चला बदलायचं. आपलं शकवर्ष पाडव्याला बदलतं तसंच धरा. वहीत १० फेब्रुवारी १७२० लिहिलं असेल तर आजच्या हिशोबाने ते १७२१. हे विसरलं की "लग्नाआधीच मूल" किंवा "मरणानंतर बाप्तिस्मा" असले चमत्कार दिसायला लागतात. अशी तारीख १७२०/२१ अशी दोन्ही सालांनी लिहायची पद्धत आहे, तीच पाळा.

अक्षराचं म्हणाल तर सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातलं इंग्रजी वळण आज इंग्रजांनाही वाचता येत नाही. मोडीसारखंच आहे, सराव केला की जमतं. नॅशनल आर्काइव्ह्जच्या संकेतस्थळावर जुनं अक्षर शिकवणारे मोफत धडे आहेत. आधी त्या पाद्र्याने लिहिलेली महिन्यांची नावं आणि 'जॉन', 'मेरी' असे नेहमीचे शब्द शोधायचे, त्यांतून त्याची अक्षरं ओळखायची आणि मग अवघड आडनावाकडे वळायचं.

माणसं चॅपलला जाणारी असतील, म्हणजे मेथडिस्ट, बाप्टिस्ट वगैरे, तर मुलांचे बाप्तिस्मे गावच्या वहीत नसतील. १८३७ च्या आधीच्या अशा बऱ्याच वह्या नॅशनल आर्काइव्ह्जकडे आहेत. लग्न मात्र १७५४ ते १८३७ या काळात क्वेकर आणि ज्यू सोडून सगळ्यांना पॅरिशच्या चर्चमध्येच करावं लागे. त्यामुळे लग्न चर्चमध्ये आणि मुलं कुठेच नाहीत, असं दिसलं की चॅपल आठवा.

६. एका नावाची दोन माणसं: इथे थांबा

ह्या पायरीवर माझे आठ महिने गेले.

सासऱ्यांच्या खापरपणजोबांचं लग्न १८४९ चं. दाखल्यावर वडिलांचं नाव होतं, धंदा मजूर. शेजारच्या पॅरिशमध्ये त्याच नावाच्या बापाचा, त्याच नावाचा मुलगा १८२५ ला बाप्तिस्मा झालेला सापडला. वय जुळलं, गाव जवळचं. मी आनंदाने त्या वाटेने १६९० च्या दशकापर्यंत गेले. झाड काढलं, रंगवलं, फ्रेम करायला दिलं.

मग एका दुपारी सहज त्याच पॅरिशची दफनाची वही चाळताना तो मुलगा दिसला. १८३१, वय सहा.

मेलेला मुलगा १८४९ ला लग्न करत नाही. मी काढलेलं सगळं झाड दुसऱ्याच घराण्याचं होतं.

म्हणून हा नियम कधीही मोडू नका: बाप्तिस्मा सापडला की आधी ते मूल *जगलं का* ते बघा. त्या पॅरिशच्या आणि शेजारच्या पॅरिशांच्या दफनाच्या वह्या पुढची वीस वर्षं तपासा. त्या काळी मूल गेलं की पुढच्या मुलाला तेच नाव देण्याची रीत होती, त्यामुळे एका आई-बापांचे एकाच नावाचे दोन बाप्तिस्मे सापडतात. तुमचा माणूस बहुतेक दुसरा असतो. दोन चुलतभावांना आजोबांचंच नाव दिलेलं असतं, तेही एकाच वयाचे. एक कागद जुळला म्हणजे फक्त शक्यता. दोन स्वतंत्र कागद एकाच माणसाकडे बोट दाखवतील तेव्हा पुढे जा. इंटरनेटवर इतरांनी टाकलेली झाडं वाटेचा इशारा म्हणून वाचा, तिथलं एकही नाव पुरावा म्हणून घेऊ नका. माझं चुकीचं झाड मी काढून टाकलं, पण तोवर तिघांनी ते उतरवून घेतलं होतं.

७. गरिबांचे कागद: सगळ्यात श्रीमंत पेटी

खरे खापरपणजोबा मग आमच्याच गावच्या वहीत सापडले, १८२६ ला. बापाचा रकाना रिकामा, आईचं एकटीचं नाव आणि बाजूला 'बेस बॉर्न'. म्हणजे लग्नाशिवाय झालेलं मूल. १८४१ च्या शिरगणतीत पंधरा वर्षांचा तो मुलगा आजी-आजोबांच्या घरात आहे. लग्नाच्या दाखल्यावर 'वडील' म्हणून लिहिलेलं नाव त्याच्या आईच्या वडिलांचं होतं. ज्याने वाढवलं त्याचं नाव त्याने सांगितलं.

पुष्कळ जण इथे थांबतात. थांबू नका. गरिबावर पॅरिशचा पैसा खर्च होणार असेल तर पॅरिश त्याची चौकशी करायची, आणि चौकशीचे कागद उरतात. हे कागद चर्चमधल्या लाकडी पेटीत ठेवत, म्हणून त्यांना 'पॅरिश चेस्ट' म्हणतात. आता बहुतेक रेकॉर्ड ऑफिसात आहेत. सगळीकडे टिकलेले नाहीत, पण शोधल्याशिवाय ते कळत नाही. काय काय मागायचं ते सांगते.

*अनौरस मुलाच्या बापाविरुद्धचा हुकूम किंवा हमीपत्र.* १८३४ च्या आधी मुलाच्या पोटाचा भार पॅरिशवर पडू नये म्हणून अधिकारी आईकडून बापाचं नाव काढून घ्यायचे आणि दोन न्यायदंडाधिकारी त्याला बाळंतपणाचा खर्च आणि आठवड्याची रक्कम बांधून द्यायचे. आमच्या कागदात बापाचं नाव आहे, गाव आहे आणि आठवड्याला दीड शिलिंग आहे. तो शेजारच्या गावचा सुतार होता.

हे सासऱ्यांना कसं सांगावं हा मला प्रश्न होता. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "त्या मुलीचं वय काय होतं?" मी म्हटलं, एकोणीस. "मग आमचं आडनाव तिचं आहे," ते म्हणाले. त्या दिवसापासून तक्त्याच्या मुळाशी ती आहे. तुमच्याही घरी असं निघेल, फार घराण्यांत निघतं. वडीलधाऱ्यांना आधी विचारून मगच ते सगळ्यांत सांगा.

*सेटलमेंटची जबानी.* १६६२ च्या कायद्याने प्रत्येक गरिबाची एक 'हक्काची' पॅरिश ठरायची आणि मदत तिथेच मिळायची. दुसऱ्या गावात हात पसरला की दंडाधिकाऱ्यापुढे जबानी व्हायची: जन्म कुठे, कुणाकडे कामाला, किती पगारावर, लग्न कधी, मुलं किती. लिहिता न येणाऱ्या मजुराचं आत्मचरित्रच म्हणा. अविवाहित माणसाने एका गावात पूर्ण वर्ष चाकरी केली की त्याला तिथला हक्क मिळे, म्हणून काही मालक एकावन्न आठवड्यांचाच करार करत. सासूबाईंच्या बाजूच्या एका पूर्वजाच्या जबानीत हाच वाद आहे आणि त्या वादापायी त्याच्या पाच मालकांची नावं आणि गावं मला मिळाली.

*रवानगीचा हुकूम.* हक्क नसलेल्या कुटुंबाला त्यांच्या पॅरिशला परत पाठवण्याचा कागद. मुलांची नावं आणि वयं त्यावर असतात. कुटुंब एका गावातून अचानक नाहीसं झालं तर हा आधी बघा.

*ओव्हरसियरच्या, म्हणजे पॅरिशमध्ये गरिबांची मदत वाटणाऱ्या माणसाच्या, हिशोबवह्या.* कुणाला बूट दिले, कुणाच्या घरी कोळसा पाठवला, कुणाच्या तिरडीचा खर्च केला. तारखेनिशी.

१८३४ नंतर पॅरिशांचे गट करून त्यांना एकत्र वर्कहाऊस, म्हणजे गरिबांना ठेवून काम करवून घेणारं घर, दिलं. आमच्या भागाचं वर्कहाऊस ग्रेसनहॉलचं. ती इमारत १७७७ ची, आता तिथे संग्रहालय आहे. जमलं तर जाऊन या, नुसता कागद वाचून त्या भिंतींची उंची कळत नाही. वर्कहाऊसच्या दाखल-खारीज वह्या कुठे आहेत, कुठे नाहीत. वर्कहाऊस चालवणाऱ्या पालक मंडळाची इतिवृत्तं जास्त टिकली आहेत.

८. मृत्युपत्रं आणि दशांशाचे नकाशे

मजुराने मृत्युपत्र केलेलं क्वचित असतं, पण त्याच्या बायकोच्या माहेरी एखादा लोहार किंवा चक्कीवाला असेल तर त्याचं असतं. १२ जानेवारी १८५८ नंतरची राष्ट्रीय सूची एकच आहे. त्याआधी ती कामं चर्चच्या निरनिराळ्या न्यायालयांत चालत, त्यामुळे गाव कुणाच्या हद्दीत ते आधी बघावं लागतं.

टाइद नकाशे मात्र मजुराच्या घरालाही सोडत नाहीत. चर्चला द्यायचा धान्याचा दशांश पैशात बदलण्यासाठी १८३६ च्या कायद्याने गावोगाव नकाशे झाले. प्रत्येक शेताला आणि घराला क्रमांक, सोबतच्या यादीत मालक, कसणारा, शेताचं नाव आणि जमीन नांगराची की कुरणाची. १८४१ ची शिरगणती आणि हा नकाशा शेजारी ठेवला की पूर्वजाचं झोपडं नेमकं कुठल्या बांधाला होतं ते पुष्कळदा बोट ठेवून दाखवता येतं.

९. माणूस गायबच झाला तर

आधी स्पेलिंग, मग शेजारच्या पॅरिशा, मग वर्कहाऊस, तुरुंग, आणि मग सैन्य. खेड्यातल्या धाकट्या मुलाला रोजच्या भाकरीची हमी पलटणीतच होती. पहिल्या महायुद्धातल्या शिपायांचे कागद शोधत असाल तर मन घट्ट करा, त्यांतले निम्म्याहून जास्त १९४० च्या बाँबहल्ल्यात जळाले. जे उरले ते कडांनी करपलेले दिसतात.

आमचा एक असाच हरवलेला होता. सासऱ्यांच्या पणजोबांचा धाकटा भाऊ १८८१ ला इंग्लंडमध्ये कुठेच नाही. तो सापडला ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या कागदांत. मुंबई इलाख्यातल्या चर्चांनी पाठवलेल्या बाप्तिस्मा-लग्न-दफनाच्या नकला तिथे 'एन/३' या मालिकेत आहेत आणि फाइंडमायपास्टवरही बघता येतात. ब्रिटिश इंडियातल्या घराण्यांवर काम करणाऱ्या फिबिस या संस्थेचा मोफत शोधही आधी करून बघा. त्याचं लग्न खडकीला झालं होतं. माझं माहेर नाशिकचं आणि कॉलेज पुण्याचं, त्या खडकीवरून मी चार वर्षं लोकलने जात होते.

१०. आता गावाला जा

रेकॉर्ड ऑफिसात जाण्याआधी ऑनलाइन सूचीतून कागदांचे क्रमांक लिहून न्या आणि जागा राखून ठेवा. एका दिवसात पाच-सहा कागद नीट वाचून होतात, वीस मागवू नका. फोटो काढायची परवानगी आणि शुल्क विचारून घ्या. प्रत्येक फोटोच्या आधी कागदाचा क्रमांक लिहिलेल्या चिठ्ठीचा फोटो काढा, नाहीतर घरी आल्यावर कुठलं पान कुठलं ते कळत नाही.

गावच्या चर्चच्या आवारात मजुराची कबर शोधायला गेलात तर दगड बहुतेक मिळणार नाही, लाकडी पाटी केव्हाच कुजलेली असते. बाप्तिस्म्याचं दगडी पात्र मात्र बहुधा तेच असतं. आम्ही सासऱ्यांना घेऊन गेलो तेव्हा त्यांनी त्या पात्राच्या काठावर हात ठेवला आणि वहीतून उतरवलेल्या यादीतली एकेक नावं म्हटली, तिच्यापासून सुरू करून.

दार बंद असेल तर परत फिरू नका. पोर्चमध्ये सूचनाफलक असतो, त्यावर किल्ली कुणाच्या घरी मिळेल ते पुष्कळदा लिहिलेलं असतं.